नवा कॅमेरा घ्यावा काय?

(बी. ए. भाग २)

हातातील साधन बदलले की काम आपोआप सुधारते, अशी आपली एक समजूत असते. लेखणी चांगली असली की अक्षर चांगले येते, बैलजोडी चांगली असली की नांगरट खोल होते आणि कॅमेरा नवा असला की छायाचित्र उत्तम येते, हे आपण धरूनच चालतो. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. पण ते किती व कोठवर आहे, हे मोजून पाहण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही. गेल्या वर्षी माझ्यावर ती वेळ आली. त्या निमित्ताने जे वाचले, जे मोजले आणि जे हातचे घालविले, ते गुरुजनांपुढे व मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न कसा उभा राहिला?

बी. ए. भाग १ ला असताना इतिहासाच्या प्रकल्पासाठी आम्हाला आपापल्या परिसरातील बारवा, वीरगळ, शिलालेख यांची नोंद करावयाची होती. माझ्याजवळ मामांनी दिलेला एक छोटा डिजिटल कॅमेरा होता. २०१० च्या सुमारचा, १२ मेगापिक्सेलचा, सदऱ्याच्या खिशात मावणारा. रिसोड तालुक्यातील एका गावी महादेवाच्या जुन्या देवळात, दाराशेजारच्या भिंतीत, चार ओळींचा लेख असलेला दगड आहे असे कळले. तेथे मी भर दुपारी पोहोचलो. परतीच्या एस. टी. ची घाई होती. घाईघाईत चार छायाचित्रे काढली आणि निघालो.

घरी येऊन ती मोठी करून पाहिली, तर अक्षरे पुसट! ‘शके’ एवढा शब्द लागला. त्यापुढचे आकडे काही केल्या लागेनात. सरांना दाखविले. ते म्हणाले, “अरे, हे आकडेच तर महत्त्वाचे आहेत. ते वाचता आले तर लेखाचा काळ ठरेल. पुन्हा एकदा जाऊन ये.”

मी गेलो नाही. दोष कॅमेऱ्याचा आहे हे मी मनाशी ठरवूनच टाकले होते. आता नवा कॅमेरा घेऊनच जायचे, असा निश्चय केला. दुकानात चौकशी केली, तेव्हा २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची किंमत २२ हजार रुपये सांगण्यात आली. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. म्हणजे हमीभाव धरला तरी हा कॅमेरा साडेचार क्विंटल सोयाबीनचा झाला! घरी मागण्याचा प्रश्नच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत सोंगणीला गेलो, लग्नसराईत मंडपवाल्याकडे काम केले. आठ महिन्यांत नऊ हजार जमले.

जूनमध्ये काही कामाने त्या गावावरून जाण्याचा योग आला म्हणून देवळात डोकावलो. देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. खाली फरशी, भिंतींना टाइल्स आणि तो दगड, जागच्या जागी, पण चॉकलेटी ऑइलपेंटने रंगविलेला. एकावर एक दिलेल्या रंगाने अक्षरांच्या खाचा बुजून गेल्या होत्या. खिशातून कॅमेरा काढलेला पाहून पारावरचे एक आजोबा कौतुकाने म्हणाले, “पयले निस्ता काया गोटा होता पोरा, आता पाय कसा चमकते!”

त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी देवाच्या दाराला रंग दिला होता. दोष माझा होता. नव्या कॅमेऱ्याची वाट पाहण्यात मी आठ महिने घालविले आणि तेवढ्यात दगड हातचा गेला. तेव्हापासून ‘नवा कॅमेरा घ्यावा काय?’ हा प्रश्न माझ्यापुरता हौसेचा राहिला नाही.

एका लेखाचे मोल

चार ओळींच्या लेखासाठी एवढी हळहळ कशाला, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर आपल्या वाशीमनेच दिलेले आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथे वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, ही गोष्ट स्पष्टपणे उजेडात आली ती १९३९ साली येथे सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटामुळे. काही पत्र्यांवरील मजकुराने एका राजशाखेला इतिहासात तिची जागा मिळवून दिली. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र करून १९६३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, म्हणून आज आपल्यासारख्या विद्यार्थ्यालाही ते वाचता येतात. माझ्या हातून गेलेला लेख एवढ्या तोलामोलाचा असेल असे मी म्हणत नाही. पण तो कोणत्या तोलाचा होता, हे आता सांगता येत नाही, हीच तर खंत आहे.

अजिंठ्याचा धडा

याच वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले, असे तेथील शिलालेख सांगतो. साधन बदलण्याचा प्रश्न या अजिंठ्यातच एका माणसापुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता.

ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. गिलने वर्षानुवर्षे तेथे राहून तैलरंगात मोठमोठ्या प्रतिकृती रंगविल्या. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. त्या काळी हे यंत्र अगदी नवे होते; मुंबईत छायाचित्रण करणाऱ्यांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती. रंगीत प्रतिकृतींच्या मानाने गिलची छायाचित्रे लहान व बिनरंगाची होती. परंतु १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे मांडलेल्या गिलच्या प्रतिकृती जळून गेल्या. त्याची छायाचित्रे मात्र १८६४ सालीच पुस्तकरूपाने निघाली होती, ती राहिली.

पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम नव्याने केले. त्यांच्याही प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. तरी ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये छापला गेला, आणि त्यातून ते काम अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

यावरून कॅमेरा श्रेष्ठ आणि कुंचला कनिष्ठ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जे एकाच प्रतीत होते ते गेले आणि ज्याच्या अनेक प्रती झाल्या ते राहिले, हा खरा धडा आहे. साधन कोणते होते, ही गोष्ट दुय्यम ठरली. गिलचे हे उदाहरण वाचल्यावर मी स्वतःच्या कॅमेऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

मेगापिक्सेलचा हिशेब

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. भिंगातून आलेला उजेड त्यावरील लक्षावधी सूक्ष्म घरांत पडतो, प्रत्येक घरातील उजेड मोजला जातो आणि त्या आकड्यांतून चित्र तयार होते. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने असा पहिला हातात धरण्याजोगा कॅमेरा जुळविला. त्यात उभी १०० व आडवी १०० अशी अवघी दहा हजार घरे होती, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. अशी दहा लाख घरे म्हणजे एक मेगापिक्सेल. ज्या सेन्सरच्या शोधाने हे सारे शक्य झाले, त्याबद्दल विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता १२ आणि २० या आकड्यांत किती फरक आहे? ऐकताना वाटते, जवळजवळ दुप्पट. पण हे आकडे क्षेत्रफळाचे आहेत. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात लांबीला ४,००० ठिपके असतात आणि नव्याच्या चित्रात ५,१८४. म्हणजे दगडावरच्या एखाद्या रेघेला मिळणारे ठिपके फक्त तीस टक्क्यांनी वाढतात.

आमच्या गावी मारुतीच्या पारावर चार फूट उंचीचा एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपूजा, अशी त्याची नेहमीची रचना. हा दगड ४८ इंच उंच. तो पूर्ण चौकटीत घेतला तर जुन्या कॅमेऱ्यात दगडाच्या एका इंचाला सुमारे ८३ ठिपके येतात, नव्यात १०८. पण जुनाच कॅमेरा घेऊन मी अर्धे अंतर पुढे सरकलो आणि दगडाची चार भागांत चार छायाचित्रे काढली, तर इंचाला १६६ ठिपके मिळतात! जे काम २२ हजार रुपये करू शकत नाहीत, ते चार पावले करतात.

छपाईचाही हिशेब असाच आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके पुरतात. आपल्या या अंकात सहा इंच बाय चार इंचांचे चित्र छापावयाचे असेल तर १,८०० गुणिले १,२००, म्हणजे साडेएकवीस लाखांच्या आसपास ठिपके लागतील. सव्वादोन मेगापिक्सेलचा कॅमेराही त्याला पुरेसा आहे.

उजेड आणि आधार

मग माझी अक्षरे पुसट का आली? हे शोधण्यासाठी ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याकडून मी २० मेगापिक्सेलचा कॅमेरा एका दिवसापुरता मागून आणला आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याच वीरगळाची छायाचित्रे काढली. दुपारी बारा वाजता नव्या कॅमेऱ्यानेही दगड सपाट आला. वीराच्या हातातील तलवार ओळखू येईना. सकाळी सात वाजता, ऊन बाजूने तिरपे पडत असताना, जुन्या कॅमेऱ्याने तलवारीची मूठसुद्धा दाखविली. कारण साधे आहे. कोरीव रेघ आपल्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे. ऊन समोरून पडले की सावली नाहीशी होते. कॅमेऱ्यातला फ्लॅश तर भिंगाच्या शेजारीच असतो, तो खाचेतली सावली पुसूनच टाकतो. म्हणून फ्लॅश बंद करून, सावलीतल्या दगडावर सोबत्याने बाजूने टॉर्च धरावा. अक्षरे वर उठून येतात.

दुसरा दोष हाताचा. अंधाऱ्या गाभाऱ्यात कॅमेऱ्याला जास्त वेळ उजेड घ्यावा लागतो आणि तेवढ्यात हात हलतो. नव्या, महाग कॅमेऱ्यांत सेन्सर मोठा असतो, हा त्यांचा खरा गुण आहे. माझ्या कॅमेऱ्यातील सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ चौपट, म्हणून उजेडही सुमारे चौपट. २०१२ पासून असे खिशात मावणारे कॅमेरे निघाले आहेत. पण त्यांची किंमत २२ हजारांत बसत नाही. आणि दुकानदाराने मला दाखविलेल्या कॅमेऱ्यातील सेन्सर माझ्या जुन्याएवढाच होता! घरे वाढली, वाडा तेवढाच राहिला.

उलट, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि हात दूर घेतला, तर एक पंधरांश सेकंदाऐवजी दोन सेकंद उजेड घेता येतो. हा उजेड तीसपट झाला. दगड काही हलत नाही. ट्रायपॉड नसेल तर विटेवर धान्याची छोटी थैली ठेवून भागते.

नव्याची गरज कोठे असते?

येथवर वाचून नवा कॅमेरा म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे कोणास वाटेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. वस्तू हलती असली की माझी सारी युक्ती संपते. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत रात्री चाललेले बंजारा भगिनींचे नृत्य टिपावयाचे असेल, तर ट्रायपॉड लावून नर्तकी स्थिर होणार नाहीत. तेथे मोठा सेन्सरच हवा. कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळवीट दुरून टिपायचे असेल, तर लांब पल्ल्याचे भिंग हवे. डिजिटल झूम म्हणजे मधला तुकडा कापून मोठा करणे. त्याने नवा तपशील येत नाही. भिंगाचा झूम तेवढा खरा.

शिवाय जुन्या यंत्राला वार्धक्य असते. त्या मापाची बॅटरी बाजारात मिळेनाशी होते. फार जुना कॅमेरा दोन जी. बी. वरचे मेमरी कार्ड स्वीकारीत नाही. भिंग बाहेर येताना अडकू लागले, तर दुरुस्तीचा खर्च किमतीपेक्षा जास्त होतो. अशा वेळी बदल करणेच शहाणपणाचे.

आणि मोबाईल? आपल्यापैकी बहुतेकांचा कॅमेरा आज तोच आहे. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठविले गेले. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्या आत आला. खिशातला छोटा कॅमेरा मोबाईलने गिळला, हे यावरून दिसते. मोबाईलच्या ५० मेगापिक्सेलने भुलून जाण्याचे कारण नाही. तो बहुधा चार-चार घरे एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो. पण तो पाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांतून एक तयार करतो, म्हणून कमी उजेडात त्याचे काम जुन्या छोट्या कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळदा सरस ठरते. मात्र स्वतःहून तो चित्र गुळगुळीतही करतो. झिजलेल्या अक्षराच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. ज्यांच्याजवळ बरा मोबाईल आहे त्यांनी तोच घेऊन जावे, वेगळ्या कॅमेऱ्यासाठी अडून राहू नये.

काढलेले जपणे

सर्वांत कमी विचार आपण करतो तो याचा. कार्ड बिघडले, मोबाईल हरवला, की चित्र गेले. गिलच्या प्रतिकृती आगीत गेल्या; आपली चित्रे बोटाच्या एका दाबाने जातात. म्हणून प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी. एक पेन ड्राइव्ह मी माझ्या मित्राच्या घरी ठेविला आहे, त्याचा माझ्या घरी आहे. चित्रात दगडाशेजारी पंधरा सेंटिमीटरची पट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. वहीत गाव, जागा, तारीख, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे लिहावे. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की त्यातली तारीख पुष्कळदा मूळपदावर जाते. माझी काही चित्रे अजूनही २०१० च्या १ जानेवारीला काढलेली दिसतात! वही मात्र खोटे बोलत नाही.

निर्णय

शेवटी मी चार प्रश्न कागदावर मांडले. कोणते काम माझा कॅमेरा करू शकत नाही, हे मला एका वाक्यात सांगता येते काय? तो दोष जवळ जाऊन, वेळ बदलून किंवा आधार देऊन जाईल काय? नव्यात मोठा सेन्सर वा चांगले भिंग आहे, की केवळ आकडा मोठा आहे? आणि पैसे जमेपर्यंत ती वस्तू माझ्यासाठी थांबून राहणार आहे काय?

पहिल्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चौथ्याचे उत्तर त्या देवळाने दिलेच होते. नवा कॅमेरा मी घेतला नाही. जमलेल्या नऊ हजारांतून ट्रायपॉड, एक जादा बॅटरी, टॉर्च आणि दोन पेन ड्राइव्ह घेतले. उरलेल्या पैशांतून परीक्षा-शुल्क भरले. नवे यंत्र हाती असावे, मित्रांनी ते पाहावे, ही हौस मनातून गेली असे मी म्हणणार नाही. पण ती हौस आहे, गरज नाही, एवढे आता कळते. पुढेमागे यात्रांचे काम हाती घेतले तर हा प्रश्न पुन्हा उभा राहील, आणि तेव्हा उत्तर कदाचित वेगळे येईल.

त्या दगडावरचा रंग खरवडण्याचा मोह मला झाला होता. सरांनी सक्त मनाई केली. खरवडताना रंगाबरोबर अक्षरही जाते. ते काम जाणकारांचे आहे. माझी ती चार पुसट छायाचित्रे तीन ठिकाणी जपून ठेवली आहेत. ‘शके’ पुढच्या आकड्यांत पहिला ‘१’ आहे असे कधी वाटते, कधी वाटत नाही.

मित्रहो, आपल्या प्रत्येकाच्या गावात असा एखादा दगड, एखादी बारव, एखादा जुना दरवाजा आहे. त्याच्या रंगकामाची वर्गणी कदाचित आताच गोळा होत असेल. या सुट्टीत गावी जाल तेव्हा जो असेल तो कॅमेरा घ्या, सकाळी लवकर उठा, आणि जवळ जाऊन छायाचित्र काढा. त्याची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.